वरच्या राईची चिठ्ठी

३ जून

चि. मुंगी,

आशीर्वाद. फोनवर मला धड ऐकू येत नाही, आणि जे ऐकू येतं त्यात निम्मी तुझी वहिनी असते. म्हणून लिहितोय. तूही लिहूनच उत्तर दे. तुझं अक्षर मुंगीएवढं असलं तरी हरकत नाही, घड्याळजीच्या डोळ्याला भिंग चिकटलेलंच असतं.

बातमी अशी की संग्रहालयातून एक अभ्यासक बाई आल्या होत्या. बाई कसली, तिशीची मुलगी. दोन दिवस दुकानाच्या मागच्या खोलीत बसून तिने माझे सगळे खण पाहिले. तीनशे बारा डब्या. ह्या डोंगरातल्या रानात शंख पाठीवर घेऊन चालणारं जे जे आहे, ते सगळं. "काका, एवढं काम इथे कुणीच केलेलं नाही," म्हणाली. अख्खा संग्रह त्यांना हवाय. बहात्तराव्या वर्षी मला लाजायला झालं. वहिनी म्हणाली, कान बघा कसे लाल झालेत, ऐकू येत नाही म्हणे!

मग त्या मुलीने पिशवीतून जुन्या पत्राची नक्कल काढली. प्राध्यापकांचं पत्र. तुला आठवत असेलच. आपण त्यांना डावरी पाठवली होती, तिळाएवढा, डावीकडे वळलेला रिकामा शंख, तोंडाशी एकच दात. वरच्या राईतून तू भरून आणलेल्या पिशवीत निघालेला. एकुलता एक. शंख आणि चिठ्ठी परत पाठवताना त्यांनी लिहिलं होतं की ह्या जातीला शंख बांधायला चुना लागतो, आणि वरच्या राईच्या दगडात चुना औषधालाही नाही; तेव्हा चिठ्ठीवरचं ठिकाण एक तर चुकीचं आहे, नाहीतर सोयीचं. हा 'सोयीचं' शब्द एकेचाळीस वर्षं माझ्या घशाखाली उतरलेला नाही. मी उलट टपाली कळवलं होतं, चिठ्ठी माझ्या बहिणीने लिहिली आहे आणि ती खोटं लिहीत नाही. त्यांनी उत्तर दिलं नाही. मीही त्यानंतर कुणाला एक शंख दाखवला नाही.

मुलगी म्हणते, तो शेरा त्यांच्या दफ्तरी अजून आहे. एका चिठ्ठीवर संशय आला की तीनशे बारा चिठ्ठ्यांवर येतो. वरच्या राईत डावरी जिवंत सापडली तर शेरा जाईल. नाहीतर संग्रह घेतील, पण वर लिहितील की ठिकाणं भरवशाची नाहीत. मुंगी, ठिकाण नसलेला शंख म्हणजे शर्टाचं तुटलेलं बटण.

तेव्हा यंदा पुन्हा वर जातोय. चाळीस पावसाळे गेलो, हा एकेचाळिसावा. तू फक्त नक्की सांग, पालापाचोळा कुठल्या झाडाखालचा भरलास? गेल्या खेपेला ओढ्याकडचं म्हणालीस, त्याआधी कड्याजवळचं. ह्या वेळी डोकं शांत ठेवून आठव आणि नकाशा काढून पाठव.

तुझा
दादा

९ जून

ती. दादा,

नमस्कार. पत्र आलं, तीनदा वाचलं. तुझे कान लाल झाले हे वाचून इथे एकटीच हसले. मग खूप वेळ खिडकीत बसून होते.

ते रविवार किती लख्ख आठवतात. तू आणि वहिनी नुकतेच संसाराला लागलेले, आणि तुमच्या पलंगावर वर्तमानपत्रं अंथरून ओला पालापाचोळा वाळत घातलेला. वहिनी म्हणायची, "माझ्या माहेरी सांगू नका हो कुणी, मी कचऱ्यात झोपते म्हणून." मग वाळलेला पाला आपण तीन चाळण्यांतून चाळायचो, आणि शेवटच्या चाळणीत जी पूड उरायची ती पांढऱ्या बशीत पसरून तू भिंगाखाली धरायचास. सुईच्या टोकाने एकेक कण सरकवत. मधेच श्वास धरायचास. तेवढ्यावरून मला कळायचं, काहीतरी सापडलं. माझं काम चिठ्ठ्यांचं. ठिकाण, तारीख, उंची. शाळेतल्या सिस्टरांनी गिरवून घेतलेलं अक्षर त्या कामी आलं. सिस्टर म्हणायच्या, कागदावर जे नीट लिहिलंय ते माणसं खरं मानतात, म्हणून नीट लिहिणाऱ्याने जपून लिहावं.

झाड मला खरंच आठवत नाही रे. खोडावर शेवाळ होतं एवढं आठवतं. नकाशा कसा काढू? आणि दादा, तू जाऊ नकोस. तुझा गुडघा, ती निसरडी वाट, आणि एका तुसड्या माणसाच्या शब्दासाठी इतकं कशाला? ते प्राध्यापक जाऊनही कितीतरी वर्षं झाली. त्या मुलीला म्हणावं, तीनशे अकरा डब्या घे आणि ती एक सोड.

अजून काही लिहायचं होतं, पण टपालाची वेळ होईल.

तुझी
मुंगी

१५ जून

चि. मुंगी,

तुझी माया कळली. गुडघ्याची काळजी करू नकोस, दोन आहेत. पण ती एक डबी सोडायची म्हणजे मी प्राध्यापकांना म्हणायचं, होय, तुमचं बरोबर होतं, माझ्या घरात खोट्या चिठ्ठ्या लिहितात. हे मी मेलो तरी म्हणणार नाही.

शेवाळाचं खोड, एवढं पुरे. राईत तशी नऊ झाडं आहेत, मी मोजलेली आहेत. शुक्रवारी निघतो.

दादा

२४ जून

वन्सं,

पत्र माझं बघून घाबरला असाल, तर थोडं घाबराच. हे शुक्रवारी वर गेले, भर पावसात. सातव्या झाडाशी उतारावरून घसरले आणि उजव्या हातावर पडले. लाकूड आणायला गेलेल्या दोन बायकांनी हाक ऐकली, तोवर तीन तास तिथेच बसून होते. मनगट दोन जागी मोडलंय. डॉक्टर म्हणाले, हाड जुळेल, पण बोटं पहिल्यासारखी बारीक कामाला चालतील की नाही ते सांगता येत नाही. दुकानात अकरा घड्याळं उघडी पडलीत. रोज सकाळी उठून त्यांच्याकडे बघत बसतात.

मी बोलायचं तेवढं बोलले. "अहो, गोगलगायसुद्धा घर पाठीवर घेऊन फिरते, तुम्हाला घर सोडायचीच घाई," म्हटलं. हसले नाहीत. सारखं एकच, मुंगी म्हणाली होती शेवाळाचं खोड, दोन झाडं अजून राहिलीत. प्लास्टर निघालं की परत जाणार म्हणतात. तुमचं ऐकतात ते. एवढं एकदा ठासून लिहा.

तुमची वहिनी

२८ जून

ती. दादा,

वहिनीचं पत्र वाचल्यापासून हातातून सगळं पडतंय. आज दुधाचं पातेलं पडलं. तुझा हात मोडला तो माझ्यामुळे. हे बोलायचं म्हणून बोलत नाही, खरंच माझ्यामुळे.

तुला एक गोष्ट कधी सांगितली नव्हती. त्या वेळी आपण पिशव्यांमधल्या जिवंत गोगलगायी वेगळ्या डबीत ठेवायचो ना, चिठ्ठीसकट? त्या पिशवीची चिठ्ठी मी चुकून त्यांच्याबरोबर ठेवली. सकाळी पाहिलं तर त्यांनी कागद खाल्लेला, नुसती जाळी उरलेली. तू रागावशील म्हणून मी नवी चिठ्ठी अंदाजाने लिहून पिशवीत टाकली. तेव्हा वरची राई असेल असं वाटलं होतं, पण नक्की नव्हतं. म्हणून दर वेळी मला झाड सांगता आलं नाही. आता परत वर जाऊ नकोस, दादा. त्या मुलीला कळव, चिठ्ठी गोगलगायींनी खाल्ली. असं होतं, हे तिलाही माहीत असेल.

तुझी
मुंगी

६ जुलै

चि. मुंगी,

हे पत्र मी सांगतोय, लिहितेय तुझी वहिनी. (अक्षर कसंही असलं तरी वाचा, मी काही सिस्टरांच्या शाळेत गेले नाही.)

गोगलगायी कागद खातात हे बरोबर. माझ्या निदान चार चिठ्ठ्या त्यांनी खाल्ल्यात. पण तुझं पत्र आल्यावर मी वहिनीला डबी काढायला लावली. (शिडीवर चढून. ह्या वयात.) डावरीच्या डबीत तुझी मूळ चिठ्ठी अजून आहे. पिशवीतून निघाली तशीच, चौघडी घातलेली, घडीत रानातली माती. पेन्सिल जरा घसरलेली, म्हणजे मांडीवर ठेवून लिहिलेली. अंदाजाने घरी टेबलावर लिहिलेली चिठ्ठी अशी नसते. आणि त्या पिशवीतून जिवंत काही आपण वेगळं काढलंच नव्हतं. ती तशीच वाळवली होती. माझ्या वहीत तसं लिहिलेलं आहे.

ही चिठ्ठी तू रानातच लिहिलीस. म्हणजे लिहिताना तुला ठाऊक होतं, तू कुठे आहेस.

(वन्सं, मी ह्यांना म्हटलं, आशीर्वाद लिहू का? म्हणाले, आधी तिचं उत्तर येऊ दे.)

११ जुलै

ती. दादा आणि वहिनी,

मी त्या दिवशी वरच्या राईत गेलेच नव्हते.

तू मला सकाळी पिशवी, खुरपं आणि चिठ्ठ्यांची वही देऊन पाठवलंस. तुला घड्याळांची घाई होती. वाट फुटते तिथे माझ्या शाळेतल्या तिघी मैत्रिणी उभ्या होत्या. एकीचे वडील गाव सोडून दूर नोकरीला चालले होते, तिचा तो शेवटचा आठवडा. आम्ही खाली वळलो, चुन्याच्या जुन्या भट्टीकडे. तिथे पडक्या भिंतीवर पाय सोडून बसायला छान जागा होती. दिवसभर बसलो, गाणी म्हटली, डबे खाल्ले, रडलो. मी एकोणीस वर्षांची होते, दादा. मला तुझं सगळं आवडायचं, पण त्या एका दिवशी मला कुणाची बहीण, कुणाची मदतनीस व्हायचं नव्हतं.

ऊन उतरलं तेव्हा पिशवी रिकामी होती. वर जाऊन यायला वेळ नव्हता. मी भट्टीच्या भिंतीच्या पायथ्याचा पाला ओरबाडून पिशवी भरली आणि मांडीवर वही ठेवून लिहिलं, 'वरची राई'. तारीख घातली, उंचीसुद्धा घातली. पाच मिनिटांचं काम. वाटलं, पाला तो पाला.

तीन आठवड्यांनी त्यात डावरी निघाली. तू उठून खोलीभर नाचलास, वहिनीला उचललंस. मी ठरवलं, उद्या सांगू. उद्या तू प्राध्यापकांना पत्र लिहायला घेतलंस. मग त्यांचं ते पत्र आलं, आणि त्यावर तुझं उत्तर. ते उत्तर सुवाच्य अक्षरात कुणी उतरवून काढलं होतं, आठवतंय? मी. 'ती खोटं लिहीत नाही' हे वाक्य माझ्या हाताने लिहिलंय. त्यानंतर मला तोंड उघडायला जागाच राहिली नाही. तू माझ्यावर विश्वास ठेवला नसतास तर मी केव्हाच सांगितलं असतं. हे कारण म्हणून लिहीत नाही. जसं होतं तसं लिहितेय.

पुढे तीस वर्षं शाळेत शिकवलं. दर वर्षी मुलींना प्रामाणिकपणावर निबंध घालायचे आणि दर वर्षी तपासताना तुझा वरच्या वाटेचा पावसाळा चालू असायचा. तू लिहायचास, यंदाही नाही सापडली. मी लिहायचे, पुढच्या वर्षी सापडेल. असं चाळीस वेळा लिहिलं. आणि मागच्या पत्रात, तुझा हात मोडलेला असताना, पुन्हा खोटं लिहिलं. बिचाऱ्या मुक्या जिवांवर आळ घेतला.

माफी मागायला शब्द शोधत होते. मिळाले ते सगळे निबंधातले वाटले, म्हणून लिहिले नाहीत.

मुंगी

२ ऑगस्ट

वन्सं,

तीन आठवडे टपालवाल्याची वाट बघून थकला असाल. इथे लिहिण्यासारखं काही नव्हतं. तुमचं पत्र ह्यांनी एकदा वाचलं, घडी घालून चष्म्याच्या घरात ठेवलं, आणि बोलणंच बंद. जेवायला या म्हटलं की येत, झोपा म्हटलं की झोपत.

मी मात्र गप्प नव्हते, मनातल्या मनात तुम्हाला खूप बोलले. लोक म्हणतात गोगलगाय अन् पोटात पाय. आमच्या घरात एवढ्या गोगलगायी, आणि पाय निघाले ते आमच्या वन्संच्या पोटात! चाळीस वर्षं ह्यांचे चिखलाचे कपडे मी धुतलेत. आता बोलून झालं, लिहूनही झालं. माझ्यापुरतं मिटलं.

परवा सकाळी हे एकाएकी म्हणाले, गाडी सांग, भट्टीवर जायचंय. गेलो. वन्सं, भट्टी नाही आता तिथे. बारा वर्षांपूर्वी रस्ता रुंद केला तेव्हा पाडली. मागच्या बाजूची चार हात भिंत तेवढी राहिलीय, तिच्यापलीकडे ट्रक उभे असतात. हे स्टुलावर बसले आणि त्या भिंतीकडे बघत राहिले. मग बोलले. आता जे सांगितलं ते लिहिते.

"मुंगीला लिही, रस्ता रुंद करायचा होता तेव्हा नगरपालिकेचा माणूस दुकानात आला होता. घड्याळाचा पट्टा बदलता बदलता त्याने विचारलं, तुमचं गोगलगायींचं काही त्या भट्टीकडे आहे का? असेल तर पाडायच्या आधी कळवतो. मी म्हटलं, छे, तिथे काय असणार, रस्त्याकडेची जागा ती. मी कधी तिथे चाळणी घेऊन बसलोच नव्हतो. प्राध्यापकांनी चुना चुना म्हणून लिहिलं होतं, आणि गावात चुन्याची भट्टी डोळ्यांसमोर होती. मी रागात वरच बघत राहिलो. तिला सांग, तिचं खोटं आणि माझं न बघणं ह्या दोन निरनिराळ्या पिशव्या आहेत. एकीतलं दुसरीत ओतायचं नाही. माझ्या चुकीने तिची हलकी होत नाही."

मी विचारलं, माफ केलं असं लिहू का? म्हणाले, ते लिहू नकोस.

मग म्हणाले, संग्रहालयातल्या मुलीला खरं काय ते मुंगीने स्वतः कळवावं, स्वतःच्या सहीने. आधी ते पत्र इकडे पाठवावं. मला वाचायचंय.

जाता जाता, ह्यांनी मला त्या भिंतीखालचा पाला भरायला लावला. माझी पिठाची चाळणी गेली कामातून.

तुमची वहिनी

९ ऑगस्ट

संग्रहालयातील अभ्यासक बाईंना,

नमस्कार. आपली ओळख नाही. ज्या घड्याळजींचा गोगलगायींचा संग्रह आपण पाहिलात, त्यांची मी धाकटी बहीण. त्यांच्या चिठ्ठ्या तरुणपणी मी लिहीत असे.

डाव्या वळणाच्या त्या एका शंखाच्या चिठ्ठीवर वरची राई असं ठिकाण आहे. ते खरं नाही. तो पाला मी खालच्या चुन्याच्या जुन्या भट्टीच्या भिंतीपाशी भरला होता. त्या दिवशी मला वर जायचं होतं आणि मी गेले नाही. अजाणता माझ्या हातून चिठ्ठीवर चुकीचं ठिकाण लिहिलं गेलं, आणि पुढे ते दुरुस्त करायचं धैर्य मला झालं नाही. माझ्या दादांना ह्यातलं काही माहीत नव्हतं. ते माझ्या शब्दावर विसंबून एकेचाळीस पावसाळे तो शंख शोधायला वर जात राहिले. प्राध्यापकांचं दगडाबद्दलचं म्हणणं बरोबर होतं. माझ्या दादांबद्दल ते चुकले.

बाकीच्या पिशव्या दादांनी स्वतः भरल्या आहेत, प्रत्येकीची नोंद त्यांच्या वहीत त्यांच्याच हातची आहे, ती ताडून पाहावी. माझ्या एकटीच्या हातची पिशवी ही एकच. शेरा लिहायचा असेल तर तो त्या एका चिठ्ठीपुरता आणि माझ्या नावाने लिहावा. भट्टी आता पाडली गेली आहे, थोडी भिंत शिल्लक आहे, असं कळतं.

आपली,
(सोबतच्या वेगळ्या कागदावर: पत्राखाली मी पूर्ण सही केली आहे. दादा, वाचून झाल्यावर तूच टपालात टाक, नाहीतर परत पाठव, तू म्हणशील तसं.)

१७ ऑगस्ट

मुंगी,

डाव्या हाताने लिहितोय. मनगट अजून वळत नाही. चार ओळींना सकाळ गेली.

तुझं पत्र वाचलं. एक शब्द खोडला, 'अजाणता'. बाकी काही बदललं नाही. काल टपालात टाकलं.

वहिनीने आणलेल्या पाल्यात काही मिळालं नाही. भिंत अजून बरीच शोधायची आहे. ओल आहे तोवरच गोगलगायी बाहेर येतात, आणि मला वाकता येत नाही.

माझा राग गेल्यावर ये, असं लिहिणार होतो. पण तोवर पावसाळा संपेल. तू आधी ये.

दादा